सुटल्यावर राहण्याचा पत्ता

मृत्युपत्र लिहून ठेवणार: आबाजी महादू बडेकर, वय वर्षे ७४, पूर्वी कारागृह खात्यात हवालदार, आता निवृत्त, राहणार मु. पिंपळकोंड, पळसदरीच्या पुढे, तालुका कर्जत, जिल्हा रायगड.

मी, वर नाव लिहिलेला आबाजी बडेकर, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने किंवा भुलवण्याने नव्हे, तर माझ्या मर्जीने हे लिहून ठेवत आहे. धाकाचं म्हणाल तर छत्तीस वर्षं दुसऱ्यांना धाक घालण्याचाच सरकारने मला पगार दिला. म्हाताऱ्याला कोणी घाबरवून लिहून घेतलं असं उद्या कोणी कोर्टात म्हणालं, तर कोर्टाने त्याचं तोंड नीट बघून घ्यावं.

डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या दवाखान्याच्या चार खिडक्यांना मिळून किती गज आहेत तेही सांगितलं. डोकं ठीक आहे, असं त्यांनी लगेच लिहून दिलं. हृदय मात्र ठीक नाही. मी मार्चपर्यंत असेन का असं विचारलं तेव्हा ते कागद चाळत बसले, त्यावरून समजायचं ते समजलो.

मजकूर मी सांगितला आहे आणि तो अ‍ॅड. अनुपम दत्तोपंत दिघे, कर्जत, यांनी टाइप केला आहे. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे दत्तोपंत मास्तरांनी, मला शाळेत हातावर पट्ट्या मारून लिहायला शिकवलं, त्यामुळे या कागदावर त्या घराण्याचा थोडा हक्क आहे. काही वाक्यं वकिलांनी गाळायला सांगितली. ती मी मुद्दाम ठेवली आहेत. ‘आबाजीकाका, हे कायद्यात बसत नाही हो,’ असं ते दर दोन ओळींनी म्हणतात. मी म्हटलं, बसत नसेल तर उभं राहू द्या.

कलम १. वारस. माझी पत्नी भागूबाई सहा वर्षांपूर्वी वारली. आम्हाला एकच अपत्य, मुलगी सोनाली, लग्नानंतर राहणार शेलू. मला दुसरा वारस नाही. चुलतभावाचा मुलगा धनेश गावात स्वतःला माझा वारस म्हणवून घेतो. त्याचं कलम पुढे येईल, त्याने धीर धरावा.

कलम २. मिळकत. वडिलोपार्जित भातशेत मी चार वर्षांपूर्वीच बक्षीसपत्राने सोनालीच्या नावे केलं आहे, त्याचा या कागदाशी संबंध नाही. उरलं गावठाणातलं राहतं घर, मागच्या परसासकट. ही जागा मी निवृत्तीच्या पैशातून घेतली आणि घर बांधलं. त्यात बापजाद्यांची एक वीटही नाही, तेव्हा ते कोणाला द्यायचं हे ठरवणारा मी एकटा. बँकेतली ठेव घराच्या विजेच्या आणि पाण्याच्या बिलांसाठी घरासोबतच जाईल.

कलम ३. हे घर काय आहे. वकील म्हणाले, चतुःसीमा लिहा. चतुःसीमा परिशिष्टात आहे. पण पूर्वेला रस्ता आणि पश्चिमेला शेजारच्या चिंधीचं अंगण एवढ्याने हे घर कळत नाही, म्हणून इथे लिहितो. आजवर हे मी कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या मुलीलाही नाही. लाज वाटत होती.

माझी नोकरी तीन कारागृहांत झाली. त्यांची नावं लिहीत नाही. निवृत्तीच्या दिवशी, २००९ साली, मी बराकीतल्या बंद्यांना सहज बोलून गेलो, ‘सुटलात की पिंपळकोंडला या रे, चहा पाजतो.’ असं सगळेच शिपाई बोलतात. कोणी येत नाही, आणि कोणी यावं असं बोलणाऱ्यालाही वाटत नसतं.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका दुपारी नामा आला. नामा खालापूर तालुक्यातला. त्याच्या हातून त्याचा मेहुणा मेला होता. पंधरा वर्षं काढून सुटला, तर भावकीने वेशीवरूनच परत पाठवला. कापडी पिशवी घेऊन तो आमच्या कुंपणाबाहेर उभा होता. फाटक उघडं होतं तरी उभा होता, कारण आत ये असं कोणी म्हटलं नव्हतं. भागूने बघितलं. ‘अरं, उभा का रं उन्हात? आत ये की, भात निवतोय,’ म्हणाली. तिने त्याला भात आणि वालाचं बिरडं वाढलं. तो खाली मान घालून जेवला, ताट स्वतः घासलं आणि मागच्या खोलीतल्या खाटेवर भागूने निजायला सांगितलं तिथे निजला.

आम्हाला कर्जतला जायचं होतं, भागूच्या चष्म्याचा नंबर काढायला. निघताना मी मागच्या खोलीचं दार ओढलं, बाहेरून कडी घातली आणि दोनदा हिसका देऊन पाहिली. छत्तीस वर्षं जे रोज संध्याकाळी केलं तेच केलं. हाताने केलं, डोक्याला पत्ताही नव्हता. भागू तेव्हा पुढे रस्त्यावर गेली होती.

सहाच्या सुमाराला परत आलो. कडी भागूने पाहिली. तिने दार उघडलं तेव्हा नामा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. वाकळेची घडी केलेली, दोन्ही हात मांड्यांना चिकटवलेले. आत गिनतीला माणसं उभी राहतात तसा. मला बघून म्हणाला, ‘सायेब, संडासला जाऊ का?’

त्या खोलीच्या खिडकीला गज नव्हते. शेजारी चिंधी दुपारभर अंगणात भात पाखडत होती. एक हाक मारली असती तरी ती धावत आली असती. त्याने हाक मारली नाही. कडी पडली म्हणजे आता हाक मारायची नसते, हे त्याला पंधरा वर्षांत पक्कं झालं होतं, आणि ते पक्कं करणाऱ्यांत मी होतो.

भागू माझ्यावर जी कडाडली ती आळीभर ऐकू गेली असेल. ‘अवो, कडी तुमीच घातलीव ना? मानूस जेवून निजला हाय, जनावर बांधलंव का? लाज नाय वाटली तुमाला?’ मग ती पडवीतली पहार घेऊन आली आणि ती कडी तिने कोयंड्यासकट उपटली. मला हात लावू दिला नाही. नंतर घरातल्या सगळ्या दारांच्या बाहेरच्या कड्या तिने एका आठवड्यात काढून घेतल्या.

आणि मी काय केलं? मी चहा प्यायलो. सवयीने झालं, एवढं दोन शब्दांचं बोलणंही तोंडातून निघालं नाही. बंद्याला चुकलो म्हणायचं आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडलं तर नामा गेलेला होता.

अकरा दिवसांनी खालापूरच्या पोलीस ठाण्यातून फोन आला. ‘हवालदार, तुमचा माणूस आमच्या बाकड्यावर बसलाय. मला परत आत पाठवा म्हणतो. काय करू त्याचं?’ मी म्हटलं, माझा माणूस कसला? तेव्हा तिकडून कागद वाचून दाखवला. सुटकेच्या कागदांत एक रकाना असतो, सुटल्यावर राहण्याचा पत्ता. भावकी घेणार नाही हे ओळखून नामाने सुटण्याआधीच त्यात लिहून दिलं होतं: आबाजी बडेकर यांचे घर, मु. पिंपळकोंड. मी चहाची थाप मारली होती आणि या माणसाने तिला पत्ता समजून सरकारी कागदावर चढवलं होतं.

मी गेलो. त्याच्या शेजारी बाकड्यावर बसलो आणि म्हटलं, ‘नामा, चुकलं रे माझं.’ जन्मात पहिल्यांदा म्हटलं. तो म्हणाला, ‘कडीचं काय नाय सायेब, कडीची सवय हाय. पन वैनीनं जेवाया वाढलं, ताट दिलं, वाटलं सुटलो. आनि मंग कडी वाजली. तवा वाटलं बाहेर असं काय नसतंच, सगळं आतच हाय.’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ठाण्यात चार पोलीस बघत होते, त्यांनी खुशाल बघावं.

त्या दिवसापासून हे घर त्या रकान्यातला पत्ता आहे. मी कारागृहाला रीतसर लिहून कळवलं की ज्याला पत्ता नाही त्याने माझा लिहावा. आजवर त्रेचाळीस जण येऊन राहून गेले. कोणी आठ दिवस, कोणी दोन वर्षं. तिघं परत आत गेले. एकाने माझी सायकल नेली. बाकीचे एकोणचाळीस आज कुठे ना कुठे घाम गाळून खातात, भिवपुरीपासून खोपोलीपर्यंत. पळसदरीच्या धरणाकडे जे बंगले आहेत, त्यांच्या बागा कोणी राखल्या असं तिथल्या शनिवार-रविवारच्या मालकांनी विचारू नये, झोप लागणार नाही. गावाला मात्र एकोणचाळीस माणसं दिसत नाहीत, सायकल तेवढी बरोबर लक्षात आहे.

कलम ४. घर कोणाला. वर लिहिलेलं घर, परस, भांडीकुंडी आणि बँकेतली ठेव मी नामा धर्मा पिंगळे, वय ६०, गेली पंधरा वर्षं राहणार याच घरी, यास देत आहे. पूर्ण मालकीने देत आहे.

यावर वकिलांशी माझं भांडण झालं. ते म्हणाले, ‘काका, नामाने उद्या विकलं तर? त्याला नुसता राहण्याचा हक्क द्या, विकता येणार नाही असं काहीतरी करून ठेवू.’ मी विचारलं, म्हणजे दार ओढून घ्यायचं आणि बाहेरून कडी घालायची, तसंच ना? नामाला विकावंसं वाटलं तर तो विकेल. तो विकणार नाही हे मला माहीत आहे, आणि माझं हे माहीत असणं मी कलमात बांधून ठेवणार नाही. परसातले लाल माठाचे आणि वालाचे वाफे त्याने हाताने काढले आहेत. आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी तो त्यात उतरवतो, हातात खुरपं देतो, काही विचारत नाही. माझ्याहून हे काम त्याला चांगलं जमतं.

त्याला माझ्या तीन विनंत्या आहेत. हुकूम नव्हेत. घरातल्या कोणत्याही दाराला बाहेरून कडी बसवू नये. आलेल्या माणसाला आधी जेवायला वाढावं, नाव नंतर विचारावं. आणि बाहेरून कुलूप लावता येत नाही म्हणून घरात कोणी ना कोणी कायम थांबावं, जसं आजवर थांबत आलो. भागूच्या आजारपणातसुद्धा हे घर एक दिवस रिकामं नव्हतं.

कलम ५. गावकी. आता हे लिहिताना माझा हात जड होईल असं कोणाला वाटत असेल तर वाटो.

आमच्या पिंपळकोंडात रीत अशी की कोणी गेलं तर सरणाला घरटी एक लाकूड यायचं. वैरी असला तरी त्याच्या घरातून यायचं. भागू गेली ती माघ महिन्यात, सकाळी. तिला पडवीत ठेवलं होतं. घरात तेव्हा नामा धरून चार जण राहत होते. मारुतीच्या देवळात बैठक बसली आणि दोन माणसं निरोप घेऊन आली. जेलवाल्यांना संध्याकाळपर्यंत गावाबाहेर ठेव, मग लाकडं येतील आणि खांदाही मिळेल. नुसतं संध्याकाळपर्यंत, असं त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांना वाटलं मोठी सवलत देतोय.

नामा लगेच पिशवी भरायला लागला. ‘जातो सायेब, वैनीचं नीट होऊ दे.’ मी त्याच्या हातातून पिशवी घेतली आणि त्या दोघांना सांगितलं, ज्या बाईने या माणसांसाठी पहार उचलली तिच्या मयताच्या दिवशी मी त्यांना बाहेर काढणार नाही. तुमची लाकडं तुमच्याकडे ठेवा, तुम्हाला लागतील.

गावातून कोणी आलं नाही. नामाने आणि बाकीच्यांनी परसातला वठलेला आंबा तोडला, तोच सरणाला लागला. चौघांनीच खांदा दिला. सोनाली शेलूहून आली होती आणि हे सगळं उंबऱ्यात उभी राहून बघत होती. त्याबद्दल पुढे.

असं वाळीत टाकायला कायद्याने मनाई आहे, तक्रार करा, असं वकील तेव्हाच म्हणाले होते. मी केली नाही. भीतीने नव्हे. माणसं आत पाठवायचं काम मी २००९ सालीच सोडलं होतं.

माझ्या मयताच्या वेळी गावकीने लाकडं आणू नयेत. आणली तर फाटकाबाहेर ठेवून घ्यावीत आणि पावसाळ्यात नामाने अंघोळीच्या पाण्याला जाळावीत. माझी लाकडं मी स्वतः फोडून मागच्या पडवीत रचली आहेत, वर पत्रा टाकला आहे. पुरतील. मी तसा बारीकच आहे.

कलम ६. शेजारीण चिंधी. त्या दिवशी गावातून कोणी आलं नाही असं वर लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. चिंधी गावकीची आहे, विधवा आहे, एकटी आहे, तिला दंडाची भीती होती. तरी भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, खांद्यावर एक लाकूड घेऊन ती आली आणि म्हणाली, ‘माज्या घरचं लाकूड हाय. मी भागूला देते, गावकीला इचारून भागू मेली नाय.’ तिला गावकीने दंड केला. तिने भरला नाही, अजून भरलेला नाही, आणि विचारायला कोणी जात नाही कारण चिंधीच्या तोंडाला सगळे भितात. माझ्या विहिरीचं पाणी आणि परसातल्या फणसाचा निम्मा माल ती असेतो तिचा. तिचं एक लाकूड मात्र माझ्या सरणावर चढेल. ते तिने आत्ताच बाजूला काढून ठेवलंय असं मला रोज सांगते. जरा जास्तच घाई करते.

कलम ७. धनेश. माझा पुतण्या धनेश याच्या डोळ्यांत माझं घर सलतं, कारण त्या बाजूने धरण दिसतं आणि धरण दिसलं की बंगला विकला जातो. तो देवळात बसून सांगतो की म्हातारा गेला की सोनालीताई हरकत घेणार, ‘ताईची सही माज्या खिशात हाय.’ सोनालीने हरकत घेतली तर काय होईल हे वकिलांनी मला समजावलं आहे. वर्षानुवर्षं दावा चालेल, घर तसंच पडून राहील आणि नामाला बाहेर पडावं लागेल. धनेशला तेवढंच पुरे. कोर्टाच्या फेऱ्यांनी दमलेला माणूस कुठल्याही कागदावर सही करतो, हे त्यालाही माहीत आहे.

धनेशला मी माझी ड्यूटीची शिटी देतो, दोरीसकट. ती वाजवली की माणसं रांगेत उभी राहायची. गावातली माणसं आपल्यापुढे तशी उभी राहावीत अशी त्याची फार वर्षांची इच्छा आहे, वाजवून बघावी.

कलम ८. जागृती. हे कलम घाईचं आहे आणि बाकीची सगळी कलमं याच्यासाठी आहेत. जागृती नावाची एक बाई, वय ३८, नऊ मार्च २०२६ रोजी सुटत आहे. सासरने दार बंद केलं. भावाने लेखी कळवलं की आमचा संबंध नाही. तिने मला पत्र पाठवलं, दोनच ओळींचं: ‘रकान्यात काय लिहू? तुमच्याकडे बाईमाणूस चालतं का?’ बाईमाणसाने आजवर पत्ता मागितलाच नव्हता. मी चिंधीला विचारलं. ती म्हणाली, ‘मी निजाया येईन तिच्या सोबतीला, त्यात काय इचारतंव?’ मग मी कळवलं, माझा पत्ता लिही.

मार्चमध्ये मी असेन असं डॉक्टरांना वाटत नाही. मी नसलो आणि घरावर दावा लागला, तर ती बाई पिशवी घेऊन या फाटकाशी येईल आणि आत ये म्हणायला कोणी नसेल. मी एकदा एका माणसाला चहाची थाप मारली आहे. दुसऱ्यांदा मारणार नाही, मेल्यावरही नाही.

कलम ९. सोनाली. बाळ, हे कलम तुझं.

भागूच्या दोन्ही पाटल्या तुझ्या आहेत, त्या वकिलांकडे पाकिटात ठेवल्या आहेत. पत्र्याच्या पेटीत, माझ्या युनिफॉर्मच्या पट्ट्याखाली, फडक्यात गुंडाळलेली एक कडी आहे, कोयंड्यासकट. तुझ्या आईने पहारीने उपटली ती हीच. तीही तुला. पाटल्या तुझ्या आजीने तिला दिल्या होत्या. कडी तिने स्वतः मिळवली.

तू मला दोन गोष्टी बोललीस. त्या मला पाठ आहेत. पहिली, ‘बाबा, मी लहान होते तेव्हा तुम्ही त्यांच्यावर पहारा करत होता. आता घरी आलात ते त्यांनाच घेऊन आलात.’ हे खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही. तुझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशीही मी ड्यूटीवर होतो. चुकलं माझं. हे मी दुसऱ्यांदा म्हणतोय जन्मात.

दुसरी तू तुझ्या आईच्या तेराव्याला बोललीस. ‘एका दिवसाचा प्रश्न होता. आईला गावचं लाकूडसुद्धा मिळू दिलं नाहीत. मला आता माहेरचा पत्ता नाही.’ आणि गेलीस. सहा वर्षं झाली. कर्जतला भेटतेस, फोन करतेस, औषधं आणून देतेस, पण या घराचा उंबरा तू ओलांडला नाहीस.

याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते तुला आवडणार नाही. आज पुन्हा ती दोन माणसं तोच निरोप घेऊन आली तर मी पुन्हा नाहीच म्हणेन. त्या दिवशी मी तुझ्या आईचा मान घालवला असं तुला वाटलं. पण कडीची गोष्ट तुला माहीत नव्हती, कारण तिच्यात तुझा बाप वाईट दिसतो म्हणून मी लपवली. ती माहीत नसताना तू जे समजलीस त्यात तुझा दोष नाही. माझा आहे. ती माहीत झाल्यावर काय समजायचं ते तू ठरव.

म्हणून हा सगळा मजकूर सही करण्याआधी वकिलांच्या हातून तुला वाचायला पाठवत आहे. घर मी तुला दिलेलं नाही. तुला हरकत घ्यायची असेल तर घे, कायद्याने तुला रस्ता आहे, मी हात जोडणार नाही. धनेशच्या खिशात खरंच तुझी सही असेल तर तेही मला बघायचंच आहे. पण ती सही तू धनेशला दिली असशील असं मला एक दिवसही वाटलेलं नाही. माझी मुलगी सही करायची झाली तर स्वतःच्या पेनाने आणि समोर बसून करते.

कलम १०. साक्षीदार. वकील म्हणाले, साक्षीदार वजनदार हवेत, सरपंच किंवा एखादे निवृत्त शिक्षक. मी म्हटलं, पोपटचं वजन पंचाऐंशी किलो आहे. पोपट नऊ वर्षं आत होता, दीड वर्षं आमच्या घरी राहिला आणि आता खोपोलीला स्वतःचा टेंपो चालवतो. शिक्षा भोगलेल्या माणसाने साक्षीदार होऊ नये असं कायद्यात कुठे लिहिलंय, ते मी वकिलांना काढून दाखवायला सांगितलं. त्यांनी काढून दाखवलं नाही. एकदा कोर्टाने पोपटचा शब्द खोटा धरला. माझं शेवटचं बोलणं खरं होतं हे आता पोपटच सांगेल. या कागदाने त्याला काहीही मिळत नाही.

दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी कोरी ठेवली आहे. सोनालीला निरोप दिला आहे की गुरुवारी सकाळी अकरा वाजता, माझ्या घरी, पडवीत. तिला पाटल्या मिळत असल्या तरी ती साक्षीला चालते, वकिलांना विचारून घेतलं आहे. बारा वाजेपर्यंत ती आली नाही तर तिथे डॉक्टर सही करतील, त्यांना मी बसवून ठेवणार आहे. ते घड्याळ बघतील, बघू देत.

कलम ११. अंमलबजावणी अ‍ॅड. अनुपम दिघे यांनी करावी. माझ्या मयताला खांदा घरात त्या वेळी जे कोणी राहत असतील त्यांनी द्यावा. चौघं नसतील तर पोपटने टेंपो आणावा. घर मोकळं सोडून सगळ्यांनी स्मशानात येऊ नये, एकाने थांबावं. कोणी पिशवी घेऊन त्याच दिवशी आलं तर त्याला हाक मारायला माणूस पाहिजे.

यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. पुढे करायला सवड मिळेल असं दिसत नाही. वरचा मजकूर मला वाचून दाखवला, तो मी म्हटलं तसाच आहे, आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही.

ठिकाण: मु. पिंपळकोंड, ता. कर्जत, जि. रायगड, राहत्या घराच्या पडवीत.
दिनांक: १८ डिसेंबर २०२५, गुरुवार, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे.

लिहून ठेवणार:
आबाजी महादू बडेकर (सही)

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार १.
पोपट सखाराम ठोंबरे (सही)
व्यवसाय: टेंपोचालक, स्वतःचा
पत्ता: खोपोली, ता. खालापूर

साक्षीदार २.
सौ. सोनाली विलास म्हसकर (सही)
नाते: मुलगी
पत्ता: ~~शेलू, ता. कर्जत~~ आबाजी बडेकर यांचे घर, मु. पिंपळकोंड
खाडाखोड माझी आहे आणि मला मान्य आहे. जागृतीच्या रकान्यात बाबांच्या नावापुढे माझंही नाव घालावं. — सोनाली